तळटीप २३ : ‘पलीकडचे नारायणपेठी’

२३. ‘पलीकडचे’ म्हणजे फार लांबचे नव्हेत; ढोबळमानाने लक्ष्मी रस्ता ओलांडला की झाले. दोन्ही पेठांचा पिन कोडही एकच, ४११०३०. लेखक पक्के सदाशिवपेठी. शेजाऱ्यांविषयी त्यांच्या मनात आकस नाही, पण खिजगणतीतही ते नाहीत. अमेरिकन माणूस कॅनडाकडे साधारण असाच पाहतो : भली माणसे, आपल्यासारखीच, थंडी तेवढी जास्त, विषय संपला. कॅनडियन माणसाला मात्र शेजारघरची खडान्‌खडा बातमी असते. ती ठेवावीच लागते. पंतप्रधान पियेर त्रुदो यांनी १९६९ साली वॉशिंग्टनमध्ये जाऊन या शेजाराला हत्तीच्या कुशीला झोपण्याची उपमा दिली होती.

इथे हत्ती कोण, हे मात्र तपासायला हवे. पाट्या, दुपारची झोप, तिरकस उत्तरे यांचे श्रेय (की खापर?) सगळे सदाशिव पेठेच्या नावावर जमा होते. पण टिळकांचा गायकवाड वाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, ५६८ नारायण पेठ. मानाचा पाचवा गणपती तिथलाच. पत्र्या मारुती आणि मोदी गणपती हेही पलीकडचेच. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटल्यावर मुठेचे पाणी याच पेठेत शिरले. लेखकाने पुराचे वर्णन पुढे सातव्या प्रकरणात चांगले रंगवून केले आहे. त्यात नारायण पेठेचे नाव एकदाही येत नाही. – संपा.