बँकेच्या काउंटरवरचा माणूस आणि त्याच्या सहा ट्रॉफ्या: छंद कुठं संपतो, लक्षण कुठं सुरू होतं?

मराठीत एखाद्या गोष्टीच्या मागं लागण्याला किती शब्द आहेत बघा. छंद, नाद, वेड, खूळ, व्यासंग. पाचही शब्दांत माणूस करतो ते साधारण सारखंच: एकाच गोष्टीत तासन्‌तास रमतो आणि बाकीचं विसरतो. फरक असतो तो बघणाऱ्याच्या नजरेत. प्राध्यापकांचा तो व्यासंग, शेजारच्या पोराचं ते खूळ. कोल्हापुरात तर ‘नाद खुळा’ ही शाबासकी आहे!

आता एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला गावसकरची चौतीसच्या चौतीस कसोटी शतकं मैदान, वर्ष आणि प्रतिस्पर्धी संघासकट पाठ आहेत. लग्नाच्या पंगतीत लोक मुद्दाम त्याच्या शेजारी बसतात. दुसऱ्याला बेस्टच्या सगळ्या बसमार्गांचे क्रमांक थांब्यांसकट पाठ आहेत. त्याच्या आईला पाहुणे बाजूला घेऊन हळूच विचारतात, ‘डॉक्टरांना दाखवलंत का?’ स्मरणशक्ती तीच, चिकाटी तीच, सांगतानाचा आनंदही तोच. मग एकाच्या वाट्याला कौतुक आणि दुसऱ्याच्या वाट्याला तपासणी का?

स्वमग्न लोक गेली तीसेक वर्षं हा प्रश्न विचारतायत. त्यांच्या बोलण्यात ‘स्पेशल इंटरेस्ट’ हा शब्द सतत येतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तुमचा अख्खा देश एका चेंडूमागं वेडा होतो, त्याला तुम्ही संस्कृती म्हणता, आम्ही रेल्वेच्या वेळापत्रकामागं वेडे झालो की ते लक्षण. ऐकायला हा टोमणा वाटतो. पण तुम्ही पेटची तयारी करत असाल, सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल, तर थांबा. हा टोमणा चांगला संशोधन प्रश्न आहे, आणि तो साधनांवर घासून बघता येतो. त्यासाठी दोन लेख शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात. बहुतेक जण पहिला वाचून थांबतात.

पहिला लेख १९४३ चा. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर ह्या बालमानसतज्ज्ञानं अकरा मुलांची वर्णनं छापली आणि ‘ऑटिझम’ हे निदान म्हणून अभ्यासात आलं. त्यातलं पहिलं मूल म्हणजे मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावचा डोनाल्ड. अगदी लहान वयात त्याला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नावं येत होती, बायबलमधलं तेविसावं स्तोत्र पाठ होतं, चर्चच्या प्रश्नोत्तरीतले पंचवीस प्रश्न उत्तरांसकट पाठ होते. कॅनरनं हे सगळं नोंदवलं, पण ही पाठांतरं संवादाच्या कामाची नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. गंमत म्हणजे डोनाल्डच्या वडिलांनी मुलाची हकीकत टाइप करून पाठवली होती, तेहतीस पानी. तिच्यातला बारीकसारीक तपशीलही कॅनरला झपाटलेपणाचाच वाटला. त्या तपशिलावरच त्याचा लेख उभा राहिला, हे जाता जाता.

दुसरा लेख १९७१ चा. त्याच अकरा मुलांचं पुढं काय झालं, हे कॅनरनं अठ्ठावीस वर्षांनी शोधून लिहिलं. डोनाल्ड आता छत्तिशीत होता. त्याच्या आईनं पत्रानं कळवलं होतं की तो पदवीधर झाला, गावातल्या बँकेत काउंटरवर काम करतो, आणि त्याचा मुख्य छंद गोल्फ. स्थानिक क्लबात आठवड्यातून चार-पाच वेळा खेळतो. स्पर्धांमधून सहा ट्रॉफ्या मिळवल्यात.

आठवड्यातून चार-पाच वेळा! ह्या आकड्यावर जरा थांबा. नोकरी करून कोणी आठवड्यातून चार-पाच वेळा विमानतळावर जाऊन विमानांचे नंबर उतरवू लागला, तर घरचे काय म्हणतील? पण गोल्फ ‘छंद’ ठरला आणि पत्रात सुधारणेचा पुरावा म्हणून आला. खुद्द त्या पत्रात असंही आहे की डोनाल्ड गप्पांमध्ये फारसा भाग घेत नाही. म्हणजे माणूस मुळातून पालटला असं नव्हे. त्याची आवड मात्र अशा जागी जाऊन बसली, जिथं तशीच आवड असलेली चार माणसं आधीपासून होती.

इथं वर्गाचा प्रश्नही विचारायला हवा. कंट्री क्लब ही त्या काळच्या मिसिसिपीत गोऱ्या, सुखवस्तू लोकांची जागा. डोनाल्ड ज्या बँकेत होता, ती त्याच्या आईच्या माहेरच्यांशी जोडलेली होती. ‘समाजमान्य छंद’ ह्यातला समाज नेमका कोणता, हे दर वेळी विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका. त्याच गावातल्या गरीब कृष्णवर्णीय घरात असंच मूल जन्मलं असतं, तर कॅनरपर्यंत त्याची हकीकत पोचलीच नसती.

मला ह्या दोन लेखांमधला सगळ्यात मोलाचा मजकूर मात्र मधल्या काळाचा वाटतो. शाळकरी वयात डोनाल्डला काही वर्षं एका शेतकरी जोडप्याकडं ठेवलं होतं. तेव्हा त्याला मोजमापांचा नाद होता. त्या जोडप्यानं त्याला विहीर खणायला लावली आणि किती खोल गेलास ते सांग म्हणाले. तो मेलेले पक्षी नि किडे गोळा करायचा. त्यांनी त्याला दफनभूमीसाठी एक कोपरा दिला. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसायचा; त्यांनी नांगर हातात दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनर स्वतः तिथं जाऊन हे बघून आला. ना मानसशास्त्राची पदवी, ना थेरपीचं नाव. नाद तोडण्याऐवजी त्यांनी त्याला शेतात काम दिलं.

त्याच १९७१ च्या लेखातली दुसरी बाजू वाचवत नाही. अकरांपैकी काही मुलं सरकारी मनोरुग्णालयांत गेली. कॅनर लिहितो की तिथं जाणं म्हणजे जणू जन्मठेपच झाली. त्या मुलांची थक्क करणारी स्मरणशक्ती गेली, वस्तूंमधला रस गेला, सगळं जसंच्या तसं राहावं म्हणून चाललेली धडपडसुद्धा गेली. म्हणजे ज्यांना १९४३ मध्ये लक्षणं म्हटलं होतं, ती नाहीशी झाली आणि कॅनरनं त्याची नोंद तोटा म्हणून केली. लक्षण गेलं की रोगी बरा होतो, हा आपला नेहमीचा हिशोब. इथं तो उलटा पडला. ह्या एका परिच्छेदावर एक स्वतंत्र पेपर होऊ शकतो.

आता निदानाच्या पुस्तकांकडं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम ह्या नियमावलीच्या १९८० च्या आवृत्तीत विलक्षण आवडीनिवडींचा उल्लेख आला. १९८७ च्या सुधारित आवृत्तीत एकाच अरुंद विषयात गुंतून राहण्याचं उदाहरण काय दिलं होतं? हवामानशास्त्राची माहिती गोळा करणं. हे पुस्तक लिहिलं गेलं त्या देशात लाखो पोरं बेसबॉलच्या पत्त्यांच्या मागचे आकडे घोकत होती. बेसबॉलचं उदाहरण मात्र दिलं नाही. ते कुणी मुद्दाम टाळलं असं मी म्हणत नाही. सुचलंच नसणार, आणि न सुचणं हाच तर आपला पुरावा. साधनांमधलं मौन वाचायचं म्हणतात ते हे. पुढं १९९४ च्या आवृत्तीत शब्द आले की आवड तीव्रतेनं किंवा विषयानं असामान्य असावी. तीव्रतेच्या निकषावर क्रीडाप्रेमी सहज बसतील. त्यांना वाचवतो तो विषय.

विषय का वाचवतो? याचं एक उत्तर व्हिएन्नाच्या इतिहासात सापडतं. १९४४ मध्ये हान्स आस्पेर्गरनं तिथल्या मुलांबद्दल लिहिलं. विषांचा संग्रह करणारा एक मुलगा, अवकाशयानं कल्पनेनं रचणारा दुसरा. ह्या एकाग्रतेतून पुढं मोठं काम होऊ शकतं, असंही त्यानं म्हटलं. बराच काळ तो ह्या मुलांचा कैवारी मानला गेला. २०१८ मध्ये हेरविग चेक ह्या इतिहासकारानं कागदपत्रांतून दाखवलं की आस्पेर्गरनं काही मुलांना आम श्पीगेलग्रुंड ह्या संस्थेत पाठवलं होतं, जिथं नाझी राजवटीत अपंग मुलांना मारलं जाई. त्याच वर्षी एडिथ शेफर ह्या इतिहासकार बाईंनी पुस्तकात मांडलं की तेव्हाच्या जर्मन मानसोपचारात ‘गेम्यूट’ नावाची कल्पना कळीची होती: समूहाशी भावनेनं एकरूप होण्याची क्षमता. ती ज्याच्यात कमी, तो संशयित. शेफर यांच्या मांडणीवर वाद आहेत, ते जरूर वाचा. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. सगळे ज्यात सामील होतात त्यात सामील होणं, हे एकेकाळी आरोग्याचं माप होतं, आणि त्या मापाला जीवही पडले. स्टेडियममधला जल्लोष आपल्याला निरोगी वाटतो, तो त्यात चेंडू आहे म्हणून की गर्दी आहे म्हणून?

हा प्रश्न स्वमग्न लोकांनी स्वतः विचारायला सुरुवात केली १९९० च्या दशकात. जिम सिंक्लेअर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ऑटिझम नेटवर्क इंटरनॅशनल सुरू केलं, तोवर त्यांच्याबद्दल बोलणारे बहुतेक डॉक्टर नाहीतर पालक असत. १९९८ मध्ये एका स्वमग्न व्यक्तीनं एक विडंबन रचलं. एक खोटी संशोधन संस्था, जी ‘सामान्य’ लोकांचा रोग म्हणून अभ्यास करते. त्या रोगाची लक्षणं काय, तर सामाजिक गोष्टींत अडकून पडणं आणि इतरांसारखंच असण्याचा हट्ट. विनोद आहे, पण पद्धत म्हणून अचूक: वर्णन करणारा आणि वर्णन केला जाणारा यांची नुसती अदलाबदल करायची.

मग आलं गंभीर सिद्धान्ताचं काम. डायना मरे, माइक लेसर आणि वेंडी लॉसन यांनी २००५ मध्ये मांडलेली मोनोट्रॉपिझमची कल्पना. त्यातल्या मरे आणि लॉसन स्वतः स्वमग्न. कल्पना सोपी आहे: लक्ष ही मर्यादित पुंजी. काही माणसं ती दहा ठिकाणी थोडी थोडी लावतात, काही एकाच ठिकाणी सगळी. दुसऱ्या प्रकारात आवड ही वर चिकटलेली सवय उरत नाही. माणूस जगाकडं तिच्यातूनच बघतो. म्हणून ती तोडली की काय होतं, ते कॅनरच्या रुग्णालयातल्या मुलांवरून आठवा.

इथं एक धोक्याची सूचना. हे वाचून तुम्हाला प्रत्येक आकडेबहाद्दरात स्वमग्नता दिसायला लागेल. बिल जेम्सचं उदाहरण घ्या. कॅन्ससमधल्या डबाबंद अन्नाच्या कारखान्यात रात्रपाळीचा पहारा करता करता ह्या माणसानं बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यास केला आणि १९७७ मध्ये स्वतःच पुस्तिका छापली. पुढं बोस्टन रेड सॉक्सनं त्याला सल्लागार नेमलं. तो स्वमग्न होता का? आपल्याला माहीत नाही, आणि आपलं ते कामही नाही. मागच्या माणसांवर आजची निदानं चिकटवणं म्हणजे कालविपर्यास. व्हायवात पहिला प्रश्न त्यावरच येईल. आपला विषय माणूस नाही, निकष आहे. पहारेकऱ्याचं खूळ तज्ज्ञाचा व्यासंग कधी झालं आणि ते ठरवलं कुणी, हे मात्र तुम्ही विचारू शकता.

आणि खेळवेडे एका बाजूला, स्वमग्न दुसऱ्या बाजूला, अशी फाळणीही करू नका. कितीतरी स्वमग्न लोकांचा स्पेशल इंटरेस्ट फुटबॉल किंवा क्रिकेटच असतो. इंग्लंडात संडरलँड क्लबनं २०१५ मध्ये स्टेडियममध्ये सेन्सरी रूम बांधली, म्हणजे आवाज आणि गर्दी सहन न होणाऱ्या मुलांना काचेमागून सामना बघता येतो. अडचण उलट दिशेनंही येते. आवड चारचौघांसारखी असली की निदान हुकतं. मुलींच्या बाबतीत हे विशेष होतं. ती घोडे, एखादी गायिका, एखादी मालिका यांत बुडालेली असते. सगळ्याच मुली असतात, म्हणून कुणी बघत नाही. हवी ती मदतही मग मिळत नाही.

आपल्याकडं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. प्रमाणपत्रासाठी जी भारतीय मोजपट्टी वापरतात, तिला ‘इसा’ म्हणतात. चाळीस प्रश्नांच्या ह्या मोजपट्टीत शेवटाकडं एक बाब आहे: असाधारण स्मरणशक्ती. ‘असाधारण’ कशाच्या तुलनेत, हे तपासणारा मनातल्या मनात ठरवतो. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही नियमावली २०२२ पासून लागू झाली. तिनं निदान उघडपणे लिहिलं तरी आहे: वागणं वयाच्या आणि सामाजिक-सांस्कृतिक संदर्भाच्या मानानं वेगळं किंवा अतिरेकी असावं. म्हणजे संदर्भ बदलला की उत्तर बदलणार.

कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. तपासणीच्या वेळी मराठी पालक मुलाच्या आवडीचं वर्णन करताना कोणता शब्द वापरतात, छंद, नाद, वेड की खूळ? आणि फॉर्मवर इंग्रजीत उतरवताना त्या शब्दाचं काय होतं? एथिक्स कमिटीची परवानगी लागेल, ती आधी घ्या. शब्द पालकांच्या तोंडून येतात, म्हणून मुलाखती मराठीतच घ्या, आणि जमेल तिथं त्या मुलालाही विचारा, तो स्वतः त्याला काय म्हणतो.