रोमिंग : घर सोडल्याचा दंड

हल्ली देशातल्या देशात फिरताना मोबाईलच्या रोमिंगचा विचारही कोणी करत नाही. पण वीसेक वर्षं या शब्दाने लोकांना चांगलंच धाकात ठेवलं होतं. मला तो नुसता दराचा प्रश्न कधीच वाटला नाही. घर सोडून बाहेर पडणाऱ्यावर बसवलेला तो दंड होता, असं माझं मत आहे.

आधी थोडा इतिहास. ३१ जुलै १९९५ ला ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलला तरी पैसे पडत. सरकारने देशाची 'सर्कल' पाडून एकेका सर्कलचे परवाने कंपन्यांना दिले. आपल्याकडे मुंबई वेगळी आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून वेगळा. म्हणजे पुण्याच्या मोबाईलला पणजी घरची आणि मुंबई परकी!

२००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं. पण ते आपल्या सर्कलपुरतंच. त्यामागचं गणित असं : कोणी तुमचा नंबर लावला की कॉल आधी तुमच्या सर्कलमध्ये जायचा. तुम्ही सध्या कुठे आहात याची नोंद तिथे असायची, मग तिथून तो तुमच्याकडे धाडला जायचा. फोन करणाऱ्याला तुमचा ठावठिकाणा माहीत नसतो, म्हणून तो फक्त तुमच्या सर्कलपर्यंतचे पैसे देणार. पुढच्या प्रवासाचे तुमच्या माथी. मुंबईचं सिम घेऊन दिल्लीला गेलात आणि शेजारच्या खोलीतल्या दिल्लीकराने फोन केला, तर कॉल मुंबईला जाऊन परत यायचा. करणाऱ्याला एसटीडी, घेणाऱ्याला रोमिंग!

हिशोब तर्काला धरून होता, नाही असं नाही. पण तो चुकता कोण करत होतं? साहेबाचं बिल कंपनी भरायची. ट्रकचा ड्रायव्हर किंवा परराज्यात बांधकामावर गेलेला मजूर मात्र घरचा फोन आला की तो कापायचा आणि सवडीने एखादा एसटीडी बूथ शोधायचा. घरापासून जो लांब, त्यालाच घरचा आवाज महाग.

मार्च २००६ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलने 'वन इंडिया' योजना आणली : देशात कुठेही १ रुपया मिनिट. तिथून एसटीडीचा धाक ओसरत गेला. रोमिंग मात्र चिवट निघालं. 'ट्राय'ने २००७ मध्ये त्याचं मासिक भाडं बंद केलं आणि इनकमिंगवर मिनिटाला १.७५ रुपयांची मर्यादा घातली. २०१३ मध्ये ती ७५ पैसे झाली, २०१५ मध्ये ४५. त्याच वर्षी बीएसएनएलने रोमिंगमधलं इनकमिंग फुकट केलं. २०१६ मध्ये जिओ आलं आणि २०१७ मध्ये इतर मोठ्या कंपन्यांनाही रोमिंगवर पाणी सोडावं लागलं.

गंमत म्हणजे सर्कल अजून आहेत. स्पेक्ट्रमचे लिलाव आजही त्याच सीमांनुसार होतात. रेषा जागच्या जागी ठेवूनही वसुली थांबवता आली. त्या वीस वर्षांत कंपन्यांना किती पैसे मिळाले याचा हिशोब कुठे तरी असेलच. पैशांपायी न उचललेल्या फोनांचा मात्र कुठल्याच बिलात नाही.