वाटी-चमच्याचे दिवस

1968चा मार्च. रत्नागिरीच्या बंदरातून पडावात बसून तुम्ही आगबोटीवर चढता. पदराखाली साडेतीन महिन्यांचं बाळ, वरचा ओठ नाकपुडीपर्यंत दुभंगलेला. "ग्रहणात विळीवर बसलीस," हे सासूबाईंचं बोलणं बोटीवरही पाठ सोडत नाही. भाऊच्या धक्क्यावर उतरून तुम्ही जे. जे. रुग्णालय गाठता.

इथे डॉ. नोशीर अंटियांचा प्लॅस्टिक सर्जरी विभाग आहे. पहिल्या महायुद्धात छिन्नविछिन्न झालेले सैनिकांचे चेहरे ज्यांनी पुन्हा उभे केले, त्या हॅरॉल्ड गिलीज यांच्याकडे ते इंग्लंडमध्ये शिकले. वय दहा आठवडे, वजन दहा पौंड, हिमोग्लोबिन दहा, एवढं भरलं की ऑपरेशन करतात. तुमच्या बाळाचं भरलंय.

मला विचाराल तर यातलं निम्मं काम टेबलावर होतं, उरलेलं निम्मं कॉटवर.

सिस्टर बाळाच्या दोन्ही हातांत कापडी बाह्या चढवतात. बाहीला उभे कप्पे शिवलेत, प्रत्येकात एक लाकडी पट्टी. कोपर वाकत नाही, म्हणून बोटं टाक्यांपर्यंत पोचत नाहीत. अधूनमधून एक बाही काढायची, हात हलवून मोकळा करायचा, कातडी लाल झाली का बघायचं, ती चढवली की मगच दुसरी काढायची. आज अनेक शल्यविशारद या बाह्यांचा आग्रह धरत नाहीत. या वॉर्डात मात्र त्यांच्यावर मोठी भिस्त आहे.

टाळूही उघडी, त्यामुळे बाळाला चोखता येत नाही. घरी तुम्ही बोंडल्याने पाजायचात. इथे ते बंद, तोटी टाक्यांना लागेल. पिळलेलं दूध वाटीत घेऊन, बाळाला उभं धरून, चमच्याने गालाच्या बाजूने थोडं थोडं सोडायचं. वर दोन चमचे उकळून गार केलेलं पाणी. मग मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस टाक्यांवरून अलगद फिरवायचा, घासायचा नाही. पालथं निजवायचं नाही, रडू द्यायचं नाही.

तिसऱ्या रात्री तुम्ही विळीचं सांगून टाकता.

"अगो बाय, ओठ जुळतो तो पोटातल्या सहाव्या-सातव्या आठवड्यात," सिस्टर म्हणतात. "तेव्हा तुला दिवस गेलेत हे तरी धड कळलं होतं का? ग्रहणाचा काही संबंध नाही."

तुम्ही पुन्हा विचारता. त्या पुन्हा सांगतात.

सहाव्या दिवशी टाके निघतात. बाह्या घरी न्यायच्या, अजून दोन आठवडे घालायच्या. टाळू शिवायची राहिलीय. ती शिवली की 'प' आणि 'ब' उमटायला वाट होईल. त्यासाठी बाळ दीड वर्षाचं झालं की यायचं: पुढच्या मेमध्ये, पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आत.