पाचवी खेप

पाचामुखी परमेश्वर, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या म्हटले जाते. गावातील तंट्याचा निवाडा करणारा आणि क्रीडांगणावर निर्णय देणारा या दोघांनाही मराठीने पंच हे एकच नाव दिले आहे. दोघांच्याही अधिकाराचे मूळ सारखेच आहे. उभय पक्षांनी आधीच मान्य केलेले असते की, याच्या तोंडून जे निघेल ते आपल्यावर बंधनकारक. तथापि दोघांत एक मोठा भेद आहे. गावच्या पंचांचा निवाडा अन्यायाचा वाटला तर वरिष्ठांकडे दाद मागण्याची सोय होती. क्रीडांगणावरील पंचाच्या डोक्यावर असे कोणतेही न्यायासन नसते. शिटी वाजली, निकाल जाहीर झाला, की विषय संपला. मग पंचच चुकला तर काय करावयाचे? त्या चुकीची जबाबदारी कोणी घ्यावयाची, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई कोणी द्यावयाची?

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलच्या इतिहासात हा प्रश्न दोनदा विलक्षण स्पष्टपणे उभा राहिला. पहिला प्रसंग १९४० मधील, दुसरा १९९० मधील. मध्ये पन्नास वर्षांचे अंतर, परंतु चूक मात्र तीच. या दोन सामन्यांची हकीकत शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे उत्तरदायित्व या शब्दाचे दोन निरनिराळे अर्थ दृष्टीस पडतात.

प्रथम त्या खेळाविषयी थोडेसे. अमेरिकन लोक ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. त्यातील चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो आणि तो बहुधा हातात घेऊन पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो. ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्सटन या विद्यालयांत पहिला आंतरविद्यालयीन सामना झाला. त्या वेळी मात्र तो लाथेनेच खेळला गेला होता. पुढे रग्बीच्या वळणाने त्याचे स्वरूप पालटले आणि त्यातून एक नवीच अडचण उद्भवली. चेंडू ज्याच्या हाती, त्याने तो सोडावयाचाच नाही असे ठरविले तर प्रतिपक्षाने करावे काय? १८८१ मध्ये प्रिन्सटन आणि येल यांच्या सामन्यात नेमके असेच झाले. एका संघाने पूर्वार्धभर चेंडू धरून ठेवला, दुसऱ्याने उत्तरार्धभर. आणि सामना एकही गुण न होता संपला. प्रेक्षकांना वीट आला.

यावर येलच्या वॉल्टर कँप याने १८८२ मध्ये उपाय सुचविला. तीन खेपांत पाच यार्ड पुढे जावे. न साधल्यास चेंडू मुकाट्याने प्रतिपक्षाच्या स्वाधीन करावा. १९०६ मध्ये पाचाचे दहा यार्ड झाले, आणि १९१२ मध्ये तीनांच्या चार खेपा झाल्या. ‘डाऊन’ म्हणतात ती हीच खेप. या नियमावर सगळा खेळ तोललेला आहे. चार खेपा हा त्या खेळातील करार होय. पाचवी खेप नावाची वस्तू त्या खेळात अस्तित्वातच नाही.

१६ नोव्हेंबर १९४० हा शनिवार होता. न्यू हॅम्पशर राज्यातील हॅनोव्हर येथे डार्टमथच्या क्रीडांगणावर कॉर्नेलचा संघ आला होता. कॉर्नेलची त्या काळची कीर्ती मोठी. लागोपाठ अठरा सामन्यांत तो पराभूत झालेला नव्हता, आणि देशातील अग्रगण्य संघांत त्याची गणना होत होती. कार्ल स्नेव्हली हा त्याचा प्रशिक्षक. डार्टमथचा प्रशिक्षक अर्ल ब्लेक याने मात्र आपल्या तुलनेने दुबळ्या संघाकडून अशी काही झुंज घेतली की, शेवटच्या मिनिटापर्यंत डार्टमथ ३ विरुद्ध ० असा पुढे होता.

अखेरचे मिनिट सुरू झाले तेव्हा कॉर्नेल डार्टमथच्या गोलरेषेपासून अवघ्या सहा यार्डांवर येऊन ठेपला होता. पहिल्या तीन खेपांत त्याच्या खेळाडूंनी चेंडू रेटीत रेटीत रेषेपासून यार्डभराच्याही आत नेला. मग वेळ दवडल्याबद्दल त्याला पाच यार्डांचा दंड झाला. चौथ्या खेपेस वॉल्टर शोल याने चेंडू हवेतून फेकला. डार्टमथच्या खेळाडूने तो खाली पाडला. नियमाप्रमाणे चेंडू आता डार्टमथचा, आणि घड्याळ पाहता सामनाही डार्टमथचाच. परंतु मुख्य पंच रेड फ्रीझेल याची मोजणी चुकली. तो खेळातील अनुभवी आणि नावाजलेला पंच होता. त्याने चेंडू पुन्हा सहा यार्डांच्या रेषेवर आणून ठेवला आणि कॉर्नेलला आणखी एक संधी दिली. शोलने पुन्हा चेंडू फेकला. या वेळी तो बिल मर्फीच्या हाती पडला, आणि कॉर्नेल ७ विरुद्ध ३ असा विजयी ठरला.

येथे एक गोष्ट ध्यानी घेणे अवश्य आहे. पंचाच्या चुका दोन प्रकारच्या असतात. खेळाडूचा पाय रेषेवर पडला की अलीकडे पडला, धक्का हेतुपुरस्सर दिला की सहज लागला, यांत दृष्टिभ्रमाला वाव असतो आणि मतभेदालाही. अशा चुका पोटात घालूनच खेळ चालतो. चारपर्यंत मोजणे ही मात्र मताची बाब नव्हे. हजारो प्रेक्षकांना जे बोटांवर मोजता येत होते तेच पंचाला मोजता आले नाही. म्हणून या चुकीचा बचाव करण्यास कोणालाच जागा नव्हती.

सामन्याची चित्रपट्टी घेतलेली होती. स्नेव्हली हा अशा चित्रपट्ट्यांचा सूक्ष्म अभ्यास करणारा त्या काळातील अग्रेसर प्रशिक्षक होता. आणि दैवाचा भाग असा की, त्या पट्टीने त्याच्याच विरुद्ध साक्ष दिली. पाच खेपा तीत स्वच्छ दिसत होत्या. सोमवारी, म्हणजे १८ नोव्हेंबरला, फ्रीझेलने पूर्वेकडील विद्यापीठांच्या क्रीडाव्यवस्थेचे प्रमुख एसा बुशनेल यांच्याकडे आपली चूक लेखी मान्य केली. तिचा दोष त्याने सहकाऱ्यांवर ढकलला नाही. परंतु बुशनेल यांचेही हात बांधलेले होते. पंचाचा अधिकार मैदानाबरोबर संपतो आणि निकाल बदलण्याची सत्ता अन्य कोणालाच नाही, असे नियम सांगत होते. चूक सिद्ध, चूक करणाऱ्याची कबुली हाती, तरी दुरुस्तीचा मार्ग नाही, असा हा पेच होता.

तो पेच कॉर्नेलने सोडविला. विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड एझ्रा डे, क्रीडाविभागाचे संचालक जेम्स लायना आणि खुद्द स्नेव्हली यांनी विचार करून त्याच दिवशी डार्टमथला तार धाडली. त्या विजयावर आपला हक्क नाही, तो तुमचा आहे, असा तिचा आशय होता. डार्टमथने तो विजय स्वीकारला. अधिकृत नोंदीत निकाल डार्टमथ ३, कॉर्नेल ० असा लिहिला गेला. अठरा सामन्यांची अपराजित मालिका कॉर्नेलने आपल्या हाताने तोडली. आणि या सत्कृत्याचे बक्षीस त्याला मिळाले असेही नाही. पुढच्याच शनिवारी पेन्सिल्व्हेनियाने त्याला २२ विरुद्ध २० असे हरविले.

आता पन्नास वर्षे ओलांडून मिसूरी राज्यातील कोलंबिया या गावी जावयाचे. ६ ऑक्टोबर १९९०. यजमान मिसूरी ३१, पाहुणा कोलोरॅडो २७, आणि अर्ध्या मिनिटाचा खेळ शिल्लक. गोलरेषा तीन यार्डांवर. कोलोरॅडोच्या चार्ल्स जॉन्सनने घड्याळ थांबविण्यासाठी पहिल्या खेपेस चेंडू मुद्दाम जमिनीवर आपटला. दुसऱ्या खेपेस एरिक बिएनिमी धावला आणि रेषेपाशी अडविला गेला. त्यानंतर विश्रांतीचा अवकाश मागण्यात आला, आणि त्या गडबडीत खेपांचा आकडा दाखविणारी पाटी बदलावयाची राहून गेली. तिसरी खेप दुसरी म्हणून खेळली गेली. चौथीला जॉन्सनने पुन्हा चेंडू जमिनीवर आपटला, कारण पाटीनुसार ती तिसरी होती. पाचव्या खेपेस तो रेषेवर झेपावला आणि पंचांनी गुण दिले. कोलोरॅडो ३३, मिसूरी ३१.

मिसूरीने दाद मागितली. ‘बिग एट’ या विभागीय मंडळाने सातही पंचांना अनिश्चित काळासाठी निलंबित केले. परंतु निकाल कायम ठेवला. सामना संपल्यावर दुरुस्त करता येण्यासारखी ही चूक नव्हे, असा निर्वाळा मंडळाच्या आयुक्तांनी दिला. कोलोरॅडोचे प्रशिक्षक बिल मॅकार्टनी यांनी विजय सोडण्यास नकार दिला आणि मैदानच निसरडे होते याकडे बोट दाखविले. त्या मोसमाच्या शेवटी कोलोरॅडोचा संघ वृत्तपत्रकारांच्या क्रमवारीत देशात पहिला ठरला. प्रशिक्षकांच्या क्रमवारीत तो मान जॉर्जिया टेकला मिळाला. पुढे १९९८ मध्ये मॅकार्टनी यांनी या प्रसंगाबद्दल खेद व्यक्त केला. पण नोंदवहीतील आकडे तसेच राहिले.

या दोन प्रसंगांवरून कॉर्नेलला संत आणि कोलोरॅडोला खल ठरविणे सोपे आहे. पण ते न्याय्य होणार नाही. १९४० मध्ये कॉर्नेलने चौथी खेप पूर्ण शक्तीनिशी खेळून गमावली होती. पाचवी ही निव्वळ बक्षिसी होती. १९९० मध्ये मात्र पाटीने खुद्द कोलोरॅडोलाही फसविले होते. पाटीवर चारचा आकडा असता, तर जॉन्सनने तो चेंडू आपटून वाया घालविलाच नसता. तेव्हा, चूक झाली नसती तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर पहिल्या सामन्यात निश्चित आहे, दुसऱ्यात नाही. कोलोरॅडोच्या बाजूने एवढे म्हणणे प्राप्त आहे. तथापि याहून अधिकही म्हणता येत नाही. नियमाने ज्या चार संधी दिल्या, त्या वापरून गुण झाले नव्हते, ही गोष्ट उरतेच.

खरा फरक दोन प्रशिक्षकांच्या स्वभावापेक्षा उत्तरदायित्वाच्या दोन कल्पनांत आहे. त्या शब्दात दोन अंगे गुंतलेली असतात. चुकणाऱ्याने जाब देणे हे एक, आणि ज्याचे नुकसान झाले त्याला त्याचे परत मिळणे हे दुसरे. १९४० मध्ये पंचाने कबुली दिली आणि डार्टमथला त्याचा विजय परत मिळाला. १९९० मध्ये सात पंचांना शिक्षा झाली. मिसूरीला काहीच मिळाले नाही. शिक्षेने अधिकाऱ्यांची शिस्त राखली जाते, लोकांचा क्षोभही शमतो. पण दंडाची रक्कम सरकारजमा व्हावी आणि फिर्यादीने रिकाम्या हाती घरी जावे, तसाच तो प्रकार होय.

पुढील काळात व्यवस्था सुधारली, हे नाकारता येणार नाही. २००४ मध्ये ‘बिग टेन’ मंडळाने चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची पद्धत प्रथम वापरली, आणि २००६ पर्यंत ती विद्यापीठीय खेळात सर्वत्र रूढ झाली. परंतु यंत्राच्या मागेही माणूसच असतो. १६ सप्टेंबर २००६ रोजी ऑरेगॉनने ओक्लाहोमाला ३४ विरुद्ध ३३ असे हरविले, ते चित्रफीत पाहूनही चेंडूच्या ताब्याचा निर्णय चुकल्यामुळे. पंचांना आणि चित्रफीत तपासणाऱ्यांना एका सामन्यापुरते दूर ठेवण्यात आले. सामनाच नोंदीतून पुसावा, ही ओक्लाहोमाचे अध्यक्ष डेव्हिड बोरेन यांची मागणी मान्य झाली नाही. चित्रफीत तपासणाऱ्या अधिकाऱ्याला जिवे मारण्याच्या धमक्या मात्र आल्या. ३१ ऑक्टोबर २०१५ रोजी मायामीने ड्यूकवर ३० विरुद्ध २७ असा विजय मिळविला. शेवटच्या धावेत पंचांच्या हातून चुका झाल्याचे मंडळाने स्वतः जाहीर केले, त्यांना दोन सामन्यांसाठी निलंबित केले, आणि निकाल होता तसाच राहिला. चूक कबूल, शिक्षा तत्पर, निकाल अढळ, असा हा ठरावीक क्रम होऊन बसला.

निकाल अढळ असावा यामागे कारण आहेच. प्रत्येक सामना सोमवारी पुन्हा उकरून काढावयाचा म्हटले, तर शनिवारच्या खेळाला अर्थ उरणार नाही. कज्जेदलालीला मात्र भरती येईल. राज्यकारभारातही अखेरचा हुकूम कोठे तरी अखेरचा मानावाच लागतो. नाही तर कोणतेच प्रकरण दफ्तरी दाखल होणार नाही. तेव्हा पंचाच्या निर्णयाची अंतिमता ही गरज आहे. परंतु अंतिम म्हणजे बिनचूक नव्हे. नियम निकालाला बंदिस्त करून ठेवतो तेव्हा आतली चूकही त्याच्याबरोबर बंदिस्त होते; आणि ते दार बाहेरून उघडण्याची सत्ता ना पंचाला, ना मंडळाला. ती एकाच्याच हाती उरते. ज्याला त्या चुकीचा लाभ झाला त्याच्या.

म्हणूनच १९४० च्या त्या तारेचे महत्त्व केवळ खिलाडूपणाचे उदाहरण म्हणून नाही. तिच्यामागे कोणताही नियम नव्हता, कोणाची सक्ती नव्हती, आणि ती न पाठविल्याबद्दल कॉर्नेलला कोणी शिक्षाही करू शकले नसते. पंच चुकत राहणार, आणि त्यांना जाब विचारणारी मंडळेही दिवसेंदिवस अधिक दक्ष होत जाणार. ते इष्टही आहे. पण पाचवी खेप आपल्याला मिळाली हे ज्याला ठाऊक असते, त्याचे उत्तरदायित्व कोणत्याही नियमावलीत लिहिलेले नसते. कॉर्नेलने ते न लिहिलेले कलम पाळले.