भाकरी आणि डोसा

गेल्या रविवारी पानशेतला गेलो होतो. पाण्याकाठच्या हॉटेलात पुण्याची मंडळी पिठलं-भाकरीची वाट पाहत बसली होती. मला हसू आलं.

आमच्या लहानपणी उलटं होतं. वेल्ह्याच्या डोंगरात नाचणीची भाकरी रोजचीच, हॉटेलात खायचं तर पुण्याला जायचं. डेक्कनवर १९३५ पासून गुडलक होतं, तिथला चहा आणि बनमस्का. कर्नाटकातून जगन्नाथ शेट्टी १९४९ साली पुण्यात आले. त्यांच्या रूपाली-वैशालीने पुणेकरांना इडली-डोशाची चटक लावली. २०२३ मध्ये शेट्टी गेले.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि आमच्या डोंगरातलं पाणी थेट डेक्कनवर शिरलं. धरण पुढे पुन्हा बांधलं. त्याखाली गेलेली भातखाचरं मात्र गेलीच.

नंतर कॉलेजसाठी मी पुण्यात आलो. मित्रांबरोबर पहिला डोसा खाल्ला, त्या दिवशी आईने फडक्यात बांधून दिलेली भाकरी पिशवीतच होती. चारचौघांत काढायची लाज वाटली. संध्याकाळी ती गाईला घातली. घरी गेल्यावर आईने विचारलं, तर म्हणालो, "चांगली झाली होती."

आज त्याच भाकरीसाठी लोक शहरातून गाड्या घेऊन येतात. तिची किंमत मला त्यांच्याकडून कळावी, याचं वाईट वाटतं. आई आता नाही.

नातवंडांना मी डोसा हौसेने खाऊ घालतो. फक्त डब्यातली भाकरी लपवू नका, एवढं सांगतो. असो.