आज्ञा आणि आनंद : पंडिता रमाबाई व गुलबर्ग्याची एक शाळा

गुलबर्ग्याहून पुण्याकडे जाताना सोलापूर, कुर्डुवाडी आणि दौंड मागे पडले की केडगाव नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. पुण्याला आमची सोयरीक असल्यामुळे लग्नकार्यांच्या निमित्ताने या मार्गाने मी कितीतरी वेळा गेलो असेन. पण जलद गाडीतून ती पाटी वाचून होईपर्यंत मागे गेलेली असे. त्या पाटीशी आपल्या गावाचे काही नाते आहे, हे मला सेवानिवृत्तीनंतर, वाचनाला उसंत मिळाली तेव्हा कळले. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन या केडगावचे. आणि १९१२ साली रमाबाई व त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी गुलबर्ग्यात एक ख्रिस्ती हायस्कूल सुरू केले होते.

रमाबाईंना महाराष्ट्रकन्या म्हणण्याचा प्रघात आहे. पण २३ एप्रिल १८५८ रोजी त्यांचा जन्म झाला तो सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या कर्नाटकात. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, घराणे मंगळूरकडे स्थायिक झालेले. म्हणजे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. आपल्या घरांतून हेच चित्र पिढ्यान् पिढ्या चालत आलेले असल्याने रमाबाईंना परक्या मानण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

अनंतशास्त्र्यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्याबद्दल त्यांना पंडितांपुढे उत्तर द्यावे लागले. त्या घराचा हा पहिला आज्ञाभंग. परंतु एरवी हे कुटुंब शास्त्राज्ञेबाहेर पाऊल टाकणारे नव्हते. तीर्थयात्रा, व्रते, उपवास, दानधर्म, देवळांतून पुराणवाचन, सारे काही यथाविधी चालले होते. दुष्काळाच्या दिवसांत जवळचे संपले आणि थोड्याथोड्या अंतराने वडील, आई आणि मोठी बहीण गेली. उरलेली दोघे भावंडे पायी देशभर हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या. सांगितलेले सर्व केले आणि पदरात काही पडले नाही, हा अनुभव मात्र त्या पदव्यांच्या आधीचा होता. पुढे १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, आणि १८८२ मध्ये पटकीने पतीही गेला. कडेवर मनोरमा होती.

येथे थोडे घरचे सांगतो. आळंद तालुक्यातील आमच्या वाड्यात वडिलांची एक आत्या राहत असे. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. नवव्या वर्षी तिला वैधव्य आले. आलवण, केशवपन, एकभुक्त, सोवळे. जे सांगितले गेले त्यातले तिने आयुष्यात एकही मोडले नाही. ती करारी होती, आम्हां मुलांवर तिची मायाही होती. पण तिला मोकळेपणी हसताना पाहिल्याचे मला स्मरत नाही. घरातील कर्त्या माणसांना ती सोवळ्याचा आदर्श वाटे, आणि आम्हांला तो आदर्श अगदी स्वाभाविक वाटे.

आज्ञापालनाविषयी मला थोडे बोलता येते ते दुसऱ्याही एका कारणाने. पस्तीस वर्षे वरून आलेल्या आदेशांची अंमलबजावणी हाच माझा चरितार्थ होता. आदेश पाळल्याचे समाधान मिळे, ‘कामचुकार नाही’ असा लौकिकही मिळे. एका टंचाईच्या वर्षी दुष्काळी कामावरील मजुरांची यादी आदेशानुसार कमी करावी लागली. ती मी वेळेत करून दिली. त्या रात्री झोप लागली नाही. म्हणून ख्रिस्ती लोक विश्वास आणि आज्ञापालन यांतून मिळणाऱ्या आनंदाविषयी बोलतात तेव्हा मला प्रथम शंकाच येत असे. रमाबाईंचे चरित्र वाचताना ती शंका दुसरीकडे वळली.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथील जोगिणींच्या आश्रयाने त्यांनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडे तेव्हा समज झाला की बाई गोऱ्यांच्या आहारी गेल्या. तिकडची हकिकत नेमकी उलट आहे. सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशी झालेला रमाबाईंचा पत्रव्यवहार म्हणजे एक दीर्घ वादच आहे. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना, तेव्हा तो पटल्याचे त्यांनी भासवले नाही. जोगिणींच्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असत. आपल्याला आणि आपल्या लोकांना कळत नाही ती भाषा गळ्यात का बाळगावी, संस्कृत का चालू नये, असा त्यांचा प्रश्न. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली, तीही त्यांना मान्य झाली नाही. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवून आल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. ईश्वराची आज्ञा शिरोधार्य. पण ईश्वराच्या नावाने बोलणाऱ्या प्रत्येकाची नव्हे.

इतक्या स्वाभिमानी स्त्रीला आनंद सापडला तो बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास. त्या वेळी त्या पुण्यात होत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत उघडलेले शारदासदन पुण्याला आले होते आणि त्याचा चांगला लौकिक झाला होता. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे इतरांना उपदेश करीत राहिला आणि आपण स्वतः अजून काठावरच आहोत हे त्याला उशिरा उमगले. रमाबाईंना स्वतःचीच ओळख पटली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचे त्यांनी १९०७ मधील आपल्या आत्मनिवेदनात लिहिले आहे.

हा भेद समजून घेतला पाहिजे. व्रत करावे आणि फळ मागावे, हा एक व्यवहार झाला. रमाबाईंना जे उमगले त्यात क्रम उलटा होता. क्षमा आणि कृपा आधीच झालेली आहे, तिच्यावर विसंबायचे म्हणजे विश्वास. आणि मिळालेल्या कृपेच्या भरात जे हातून घडते ते आज्ञापालन. तेथे भीतीला जागा नसते, म्हणून आनंदाला असते. आपल्या वारकऱ्याला हे फार समजावून सांगावे लागू नये. तो पंढरीला काही मागायला चालत जात नाही. रमाबाईंना ही तुलना मुळीच रुचली नसती. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक मात्र तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो असे मानीत, आणि अभंग, भजन, कीर्तन त्यांनी उपासनेत आणले. दोघांच्या मनोवृत्तींतला हा फरक मोठा आहे, आणि माझा स्वतःचा ओढा टिळकांकडे आहे हे कबूल करतो.

पण केडगाव उभे राहिले ते रमाबाईंच्या स्वभावामुळे. १८९३ मध्ये शारदासदनातील मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात म्हणून गदारोळ झाला, रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने सापळे झालेल्या शेकडो मुली घेऊन परतल्या. आपल्या आईवडिलांना दुष्काळाने नेले त्याला तेव्हा वीसएक वर्षे झाली होती. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीतील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. रोजच्या जेवणाचा खर्चही प्रार्थनेवर भिस्त ठेवून चाले. हिशेबी माणसाला हे बेफिकिरीचे वाटेल, मलाही वाटले. पण तेथे विणकाम, शिवण, तेलघाणी, छापखाना सारे मुली चालवीत. अंध मुलींसाठी ब्रेल होती. ती मनोरमाबाई अमेरिकेत शिकून आल्या होत्या. १९०५ च्या जून महिन्यात तेथे प्रार्थनेची मोठी लाट उठली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, मग गाऊ लागत. त्या गलबल्यावर ख्रिस्ती मंडळींतूनही टीका झाली. ज्यांना तोंडातून शब्द काढण्याचीही मुभा नव्हती त्या मुलींनी मोठ्याने बोलावे, यात मला तरी वावगे दिसत नाही.

या मायलेकी मग आपल्याकडे आल्या. केडगाव आणि गुलबर्गे एकाच लोहमार्गावर आहेत, पण १९१२ चे गुलबर्गे निजामी राज्यात होते. दरबारची भाषा उर्दू, शाळा थोड्या. मराठी मंडळींनी १९०७ मध्ये काढलेले नूतन विद्यालय नवेच होते. अशा ठिकाणी हायस्कूल काढणे सोपे नव्हते. मनोरमाबाईंच्या बाबतीत मात्र मी थोडा अडखळतो. इंग्लंडमध्ये ही मुलगी लहान असताना तिला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावरून आई आणि सिस्टर जेराल्डीन यांच्यात ओढाताण झाली होती. स्वतः कोणाचेही जू न मानणाऱ्या आईने मुलीसाठी सारा मार्ग आखून ठेवला, आणि मुलगी तो चालली. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती आईच्या आधी गेली.

गुलबर्ग्यात ते हायस्कूल उघडले तेव्हा आमची आत्याआजी जेमतेम बारा वर्षांची असेल. आळंद तेथून पंचवीस-सव्वीस मैल. आमच्या वाड्यात त्या शाळेचे नाव निघालेच असेल तर ‘धर्म बुडवायला आल्या’ या शब्दांत निघाले असेल, आणि मी त्या वाड्यातला कर्ता पुरुष असतो तर तेच बोललो असतो. आजीला अक्षरओळख नव्हती. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तिला ऐकून पाठ होता. पोथी समोर उघडून ती तो म्हणे आणि अंदाजाने पान उलटी.

मनोरमाबाई गेल्या तेव्हा रमाबाईंच्या हाती बायबलचे भाषांतर होते. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. खेड्यातील बाईला वाचता यावे अशी साधी मराठी वापरायची, हा त्यांचा आग्रह. काम जवळजवळ अठरा वर्षे चालले. मुलीच्या मृत्यूनंतरही त्या मुद्रिते तपासत राहिल्या. ते काम हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. १९२४ मध्ये ते बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे मुक्तीतल्या बायकांनी जुळवले होते.