रामानुजन यांचे दोन अर्ज

नोकरीच्या अर्जात कोणत्या चुका टाळाव्यात, याच्या याद्या हल्ली जागोजागी वाचायला मिळतात. माहिती अचूक द्या, दाव्याला पुरावा जोडा, शिफारसपत्र ठेवा, आपल्या गरिबीचे रडगाणे गाऊ नका. १६ जानेवारी १९१३ ही तारीख असलेल्या, मद्रासहून केंब्रिजला गेलेल्या एका पत्राने हे सगळे नियम मोडले आहेत. आजचा धागा त्या पत्राविषयी आहे. पण त्याआधी, त्याच माणसाने अकरा महिन्यांपूर्वी केलेला एक अर्ज पाहू.

९ फेब्रुवारी १९१२ रोजी श्रीनिवास रामानुजन यांनी मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. आपण मॅट्रिक झालो, एफ.ए.पर्यंत शिकलो, पुढे प्रतिकूल परिस्थितीमुळे शिक्षण थांबले, असे त्यात म्हटले होते. वस्तुस्थिती अधिक कडवट होती. गणिताखेरीज इतर विषयांकडे लक्षच नसल्याने कुंभकोणमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्ती गेली होती आणि पुढे मद्रासला जाऊनही एफ.ए.ची परीक्षा पार पडली नव्हती. अर्जात ‘नापास’ हा शब्द मात्र नाही. याला लबाडी म्हणायला माझे मन धजत नाही. पोटाची चिंता असलेला कोणताही उमेदवार हेच करील. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. पोर्ट ट्रस्टचे मुख्य हिशेबनीस एस. नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार. १ मार्चला रामानुजन दरमहा ३० रुपयांवर रुजू झाले.

आता ते दुसरे पत्र, जी. एच. हार्डी यांना लिहिलेले. पहिल्याच वाक्यात आपण वार्षिक अवघ्या २० पौंडांवर काम करणारे कारकून असल्याचे रामानुजन सांगतात. वय सुमारे २३ लिहितात. प्रत्यक्षात त्यांना २५ पूर्ण झाली होती. विद्यापीठाचे शिक्षण नाही, हे आपणहून कबूल करतात. १९११ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा बर्नुली संख्यांवरील निबंध छापून आला होता. ती सर्वांत भक्कम बाजू, आणि पत्रात तिचा उल्लेखच नाही! उलट मूळ संख्यांविषयी जो मोठा दावा केला, तो पुढे चुकीचा निघाला.

सोबतच्या कागदांवर सूत्रांमागून सूत्रे होती. सिद्धता जवळजवळ नव्हत्याच. या उणिवेमागे त्यांची सारी घडण उभी आहे. शाळकरी वयात हाती पडलेल्या जॉर्ज शूब्रिज कार यांच्या ग्रंथात हजारो निष्कर्ष एकाखाली एक मांडलेले होते, सिद्धता असल्या तर त्रोटक. कागद महाग, म्हणून आकडेमोड पाटीवर होई, ती कोपराने पुसली जाई आणि वहीत उतरे ते फक्त उत्तर. शिवाय आदल्याच वर्षी लंडनच्या प्रा. हिल यांनी, हे गृहस्थ अपसारी श्रेणींच्या खड्ड्यात पडले आहेत, असे कळवले होते. १ + २ + ३ + … ही अनंत बेरीज उणे एक-बारांश येते असे सांगितले, तर तुम्ही मला वेड्यांच्या इस्पितळाची वाट दाखवाल, असे रामानुजन यांनी पुढच्या पत्रात हार्डींना लिहिले. रीत का उघड केली नाही, याचा खुलासा त्यांनी तिथेच केला आहे.

हार्डींच्या आधी केंब्रिजच्याच दोघा नामवंतांनी रामानुजन यांचे कागद काही न लिहिता परत पाठवले, अशी नोंद सी. पी. स्नो यांनी केली आहे. मला त्या दोघांना दोष देववत नाही. अनोळखी कारकून, सिद्धता नाहीत, काही निष्कर्ष आधीच ठाऊक असलेले. टपालातून अशी चोपडी त्यांच्याकडे नेहमीच येत असणार. हार्डींनाही प्रथम शंकाच आली. पण त्यांनी ते कागद लिटलवूड यांच्यासोबत बसून वाचले. अपूर्णांकाच्या पोटात अपूर्णांक, अशी न संपणारी मांडणी असलेली काही सूत्रे त्यांना सिद्ध करता येईनात. ती खरीच असली पाहिजेत, कारण खोटी रचण्याइतकी कल्पनाशक्ती कोणापाशी असणार, असा त्यांचा तर्क होता.

८ फेब्रुवारीला हार्डींनी उत्तर धाडले आणि सिद्धता मागितल्या. २७ फेब्रुवारीच्या पत्रात रामानुजन यांनी त्या पाठवल्या नाहीत. आपण अर्धपोटी आहोत, मेंदू शाबूत राहायला अन्न हवे, आणि तुमचे सहानुभूतीचे एक पत्र आले तर इथे शिष्यवृत्ती मिळवायला उपयोगी पडेल, असे लिहिले. म्हणजे त्यांना हवे होते ते पुन्हा शिफारसपत्रच. मे १९१३ पासून मद्रास विद्यापीठाने या पदवी नसलेल्या कारकुनाला दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती सुरू केली.